ताप नसलेला डेंग्यू: पाड्यावर तो कसा हुडकायचा आणि कसा अडवायचा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूल किंवा इगतपुरीकडच्या एखाद्या पाड्यावर डेंग्यूचा रुग्ण सापडतो, तेव्हा आरोग्य सेवकाच्या वहीत एकच नाव चढतं. विषाणू मात्र त्या नावापासून सुरू झालेला नसतो. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो कुणाच्या तरी रक्तात बसून पाड्यावर आलेला असतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा धडधाकट असतो. शेतात जातो, बाजार करतो, त्याला दवाखान्याची पायरी चढायचं काही कारणच नसतं.

हे अपवादाने घडतं असं समजू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे ३९ कोटी लोकांना डेंग्यूची लागण होते आणि त्यांतले साधारण ९ कोटी ६० लाखच आजारी पडतात. म्हणजे चारांतल्या तिघांना कळतही नाही. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या रक्तपाहणीत जवळपास ४९ टक्के लोकांच्या रक्तात जुन्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या. शहरात हे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास होतं, पण खेड्यातही ४२ टक्के होतं. पाच ते आठ वर्षांच्या मुलांतही चारांतल्या एकाहून जास्त मुलांना लागण होऊन गेलेली होती. यांतल्या किती घरांत ‘डेंग्यू’ हा शब्द उच्चारला गेला असेल?

लक्षणं नसलेला माणूस डासाला विषाणू देतो का, ही शंका रास्त आहे. देतो. कंबोडियातल्या अभ्यासात अशा लोकांना प्रयोगशाळेतले डास चावू दिले, तेव्हा ते डास बाधित झाले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शिवाय तापाने फणफणलेला माणूस खाटेवर पडून असतो, धडधाकट माणूस दिवसभर दहा घरांत उठबस करतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो दिवसाच, सकाळी उजाडल्यावर आणि सूर्य मावळण्याआधी जास्त.

दुसरं कारण त्याच माणसाच्या जिवाचं आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापुरतं संरक्षण मिळतं, पण पुढे वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. पहिली लागण गुपचूप होऊन गेली असली तरी शरीर ती मोजतं. म्हणून ‘याला पहिल्यांदाच डेंग्यू झालाय, काळजी नको’ असं पाड्यावर कुणी कुणाला सांगू नये.

पहिलं काम: कॅलेंडरवर दिवस उलटे मोजा

रुग्ण सापडला की फवारणीचा पंप शोधण्याआधी कॅलेंडर घ्या. दोन आकडे लक्षात ठेवा. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. डासाने बाधित रक्त प्यायल्यापासून तो दुसऱ्याला लागण करण्याजोगा होईपर्यंत, आपल्याकडच्या पावसाळी उबेत, साधारण ८ ते १२ दिवस जातात.

समजा एका बाईला २० ऑक्टोबरला ताप आला आणि त्याआधी दोन आठवडे ती पाडा सोडून कुठेही गेलेली नाही. म्हणजे तिला डास चावला १० ते १६ ऑक्टोबरच्या दरम्यान. त्या डासाने विषाणू घेतला साधारण २८ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या काळात. डास दोन-चार आठवडे जगतो आणि मरेपर्यंत बाधितच राहतो, तेव्हा ही तारीख आणखी मागेही जाऊ शकते. आता विचारायचा प्रश्न नेमका झाला: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे, या घराच्या आसपास बाहेरून कोण आलं होतं?

नाशिक जिल्ह्यात याचं उत्तर बहुधा कामाशी जोडलेलं असतं. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे जातात, काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, काही वापी-सुरतेला. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि डेंग्यूचा हंगाम एकाच वेळी येतात. मजूर आठ-पंधरा दिवसांनी घरी चक्कर मारतात, सणाला तर सगळेच परततात. दोष मजुरांना द्यायचा नाही. ती माणसं पोटासाठी जातात, आणि त्यांना लागण होते ती कामाच्या जागच्या डासांमुळे. पण त्यांच्या परतण्याच्या तारखा आशाताईंच्या वहीत असतील, तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

तोच हिशेब पुढेही मोजा. रुग्णाच्या रक्तात विषाणू तापाच्या एक-दोन दिवस आधीपासून तापानंतर साधारण पाच दिवसांपर्यंत असतो. अहवाल हातात येईपर्यंत तिला चावलेले डास पाड्यातच फिरत असतात आणि आठवडाभरात लागण करायला तयार होणार असतात. तुमच्याकडे खरा वेळ आहे तो एवढाच.

घरभेट: ‘ताप आला होता का?’ एवढं विचारून परत येऊ नका

रुग्णाच्या घराभोवतीची किमान पन्नास घरं घ्या. पाडा लहान असेल तर सगळाच घ्या. एडिस फार लांब उडत नाही, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. विषाणू लांब नेतात ती माणसं.

‘ताप आला होता का?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं, कारण अंगाला चटका बसेल इतकं तापल्याशिवाय त्याला कुणी ताप म्हणत नाही. त्याऐवजी असं विचारा: गेल्या तीन आठवड्यांत कुणाला कणकण वाटली का? अंग मोडून आलं का? डोळ्यांच्या मागे ठणकलं का? कुणी एक-दोन दिवस कामाला किंवा शाळेत गेलं नाही का? दुकानातून गोळी आणली होती का? बोली कोकणा किंवा वारली असेल तर पाड्यातल्याच एखाद्या बाईला सोबत घ्या आणि हे शब्द आधी तिच्याशी बोलून ठरवा. ‘लक्षणं नाहीत’ म्हणून नोंदलेल्यांत बरेच जण सौम्य आजारात मोडणारे निघतात, आणि ते फक्त प्रश्न बदलल्यामुळे सापडतात.

वहीत प्रत्येक घराला एक ओळ द्या: माणसं किती, कणकण कुणाला व कधी, बाहेरून कोण आलं व कधी, गरोदर बाई, वर्षाच्या आतलं बाळ, सिकलसेलचा रुग्ण. शेवटच्या तिघांची नोंद विसरू नका. त्यांना डेंग्यू झाला तर घरी वाट बघत बसता येत नाही.

रक्त कुणाचं आणि कोणत्या दिवशी घ्यायचं

सगळ्या पाड्याचं रक्त तपासा, असा आग्रह गावकरी धरतात. त्यातून फार हाती लागत नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात विषाणू मोजके दिवस असतो आणि ते दिवस नेमके कोणते हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे एनएसवन, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली याचा अर्थ ‘आज सापडलं नाही’ एवढाच होतो.

प्राधान्य असं ठेवा. ताप किंवा कणकण असलेले आधी: पहिल्या पाच दिवसांत एनएसवन, पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे लागणीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी. मग रुग्णाच्याच घरातली, लक्षणं नसलेली माणसं आणि बाहेरून आलेले. कुठले नमुने घ्यायचे हे वैद्यकीय अधिकारीच ठरवतील. पण धडधाकट माणसांत एकदाच रक्त घ्यायची सोय असेल, तर रुग्ण सापडल्यानंतर आठ-दहा दिवसांनी घेतलेला आयजीएमचा नमुना आमच्या मते जास्त कामाचा. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकतं, त्यामुळे हुकलेली लागण त्यात दिसून येते.

नमुना साध्या नळीत घ्या, तीन ते पाच मिली. अर्धा तास उभा ठेवा, रक्त गोठू द्या, रक्तजल वेगळं करा आणि २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा. उपकेंद्रात रक्तजल वेगळं करायचं यंत्र नसेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा. चुका इथेच होतात. लसीच्या डब्यात नळ्या बर्फाच्या पिशव्यांना थेट चिकटून ठेवल्या की रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात आणि नमुना लालभडक होऊन बाद होतो, म्हणून मध्ये कापडाची किंवा कागदाची घडी ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत नळी आडवी पडून घाटरस्त्याने हिंदकळली तरी तेच होतं. चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. लक्षणंच नसतील तर तो रकाना कोरा सोडू नका, ‘लक्षणे नाहीत, रुग्णाचा भाऊ’ असं स्पष्ट लिहा. तारखेशिवाय आलेल्या अहवालाचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

झटपट कार्डवर विसंबू नका. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा पद्धतीची, म्हणजे प्रयोगशाळेत केलेली, एनएसवन आणि आयजीएम चाचणीच निदान म्हणून धरतात. ज्याला पूर्वी एकदा लागण होऊन गेलीय त्याच्यात एनएसवन कमी वेळा सापडतं आणि आयजीएमही फिकं राहू शकतं. निव्वळ प्लेटलेट मोजून ‘डेंग्यू आहे’ किंवा ‘नाही’ म्हणणं तर चूकच.

पाणी: खरी लढाई इथे आहे

धडधाकट बाधित माणसं सगळी सापडणार नाहीत, हे धरूनच चाला. सापडतं ते त्यांच्या आजूबाजूचं साठवलेलं पाणी. विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहून आणलेलं किंवा टँकरमधून भरून घेतलेलं पाणी कुणी उगाच ओतणार नाही, आणि ‘पिंप रिकामं करा’ असं हुकूम सोडल्यासारखं सांगणाऱ्याला ते सांगायचा हक्कही नाही. आधी विचारा, पुढचं पाणी कधी येणार? त्या दिवसाशी कोरडा दिवस, म्हणजे भांडी रिकामी करून घासायचा दिवस, जुळवा. पिंप तळाला गेलेलं असतानाच घासायचं.

घासायचं का, हे समजून घ्या. एडिसची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. निळ्या पिंपात बॅटरीचा उजेड तिरपा मारला तर आतल्या बाजूला, पाण्याच्या डागाच्या बोटभर वर, काजळाचे ठिपके उडावेत तशी ती दिसतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या हजर. म्हणून काथ्या किंवा नारळाची शेंडी आणि राख घेऊन आतली भिंत वरपासून तळापर्यंत रगडा, धुवण कोरड्या मातीवर ओता आणि पिंप उन्हात उपडं घाला. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे. दहा-बारा दिवसांवर गेलं तर एक पिढी उडून गेलेली असते.

झाकणाचंही एक दुखणं आहे. पिंपाचं गोल झाकण उपडं ठेवलं की त्याच्या कडेच्या खाचेत पावसाचं पाणी साठतं, आणि त्या वाटीभर पाण्यात अळ्या होतात. कापड बांधलं तर ते सुती, दुहेरी आणि ताणून, ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. सैल कापडाला मध्ये खळगा पडतो, त्यातही पाणी साचतं.

अळ्या बघायला उजेड टाकल्याबरोबर निर्णय देऊ नका. सावली पडली की त्या तळाला जातात. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला वर येतील. एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते आणि पोहताना नागमोडी वळते. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी हिवतापाच्या डासाची. स्वल्पविरामासारखे वाकडे, काही न खाणारे कोष दिसले तर घाई करा, एक-दोन दिवसांत ते उडणार आहेत.

रिकामं करताच येणार नाही अशा सिमेंटच्या टाकीत किंवा हौदात टेमीफॉस हे अळ्या मारणारं औषध वापरतात. मात्रा दहा लाख भाग पाण्याला एक भाग. एक टक्क्याची दाणेदार पुडी असेल तर १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम, ५०० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. द्रवरूप औषध यापेक्षा फार तीव्र असतं, ते अंदाजाने ओतू नका, आरोग्य कर्मचाऱ्यालाच करू द्या. पाणी टाकीत आज आहे तेवढं नाही, टाकी भरल्यावर होईल तेवढं मोजा. आणि हे लक्षात ठेवा: कोष काही खात नाहीत, म्हणून टेमीफॉस त्यांना मारत नाही. कोष दिसले तर गाळून बाहेर काढा. पिण्याच्या पाण्याला वास येतो म्हणून बायका नाराज होतात, ते अगदी रास्त आहे. पिण्याचा माठ तीन-चार दिवसांनी रिकामा होत असेल तर त्यात औषधाची गरजच नाही. मोठ्या टाकीत, जनावरांच्या हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडा, नर-मादी दोन्ही, म्हणजे वाढत राहतात.

आता कुठे बघायचं. छपरावरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेले टायर. ताडपत्रीच्या घड्या. कापलेल्या बांबूची पोकळ खुंटं. फुटकी मडकी, करवंट्या. बांधून ठेवलेलं पण न वापरलेलं शौचालय, त्याच्या भांड्यातलं पाणी. द्राक्षबागेत फवारणीचं पाणी धरून ठेवलेली पिंपं आणि मजुरांच्या मुक्कामाच्या खोलीमागचा पसारा; बागायतदारांनी हे मनावर घेतलं तर पाड्यावरची निम्मी धावपळ वाचेल.

आणि कुठे वेळ घालवायचा नाही तेही सांगतो. भातखाचरं, ओढे आणि मोठी शेततळी ही एडिसची घरं नव्हेत. ‘भातात पाणी आहे म्हणून डेंग्यू’ हा समज इगतपुरीकडे फार पसरलेला आहे. त्या नादात घरातला रांजण बघायचा राहून जातो.

मोजणी साधी ठेवा. ४० घरं पाहिली, ६ घरांत अळ्या मिळाल्या, तर गृह निर्देशांक १५. त्या ४० घरांत अळ्यांची भांडी एकूण ९ मिळाली, तर ब्रेटू निर्देशांक २२.५, म्हणजे शंभर घरांमागे तितकी भांडी. दोन्ही आकडे पाचच्या खाली आणायचे आहेत. पण ९ पैकी ७ भांडी टायरच असतील तर सगळ्या पाड्याला भाषण देऊ नका, टायर उचला.

धूरफवारणी

गावकऱ्यांना समाधान देणारी आणि एकटी केली तर सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो, अळ्यांना नाही. घरात कपड्यांच्या मागे, खाटेखाली बसलेला एडिस त्यातून वाचतो. रुग्णाभोवतीच्या घरांत आतून पायरेथ्रम फवारलं तर जास्त फायदा होतो: २ टक्के पायरेथ्रम अर्क १ लिटर, रॉकेल १९ लिटर. आठवड्याने पुन्हा. मिश्रण रॉकेलचं असतं, म्हणून आधी चूल पूर्ण विझवा, निखाऱ्यावर पाणी टाका, देवापुढचा दिवाही मालवा. अन्न-पाणी झाका, माणसं-जनावरं बाहेर काढा आणि अर्धा तास कुणाला आत जाऊ देऊ नका.

धडधाकट माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर

त्याला औषध नको, भीती तर मुळीच नको. एनएसवन पॉझिटिव्ह असेल तर आठवडाभर दिवसा झोपतानाही मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि तेवढे दिवस शक्यतो दुसऱ्या गावी मुक्कामाला न जाणं. मजुरी बुडणार असेल तर या सल्ल्याला अर्थ राहत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीने तेवढे दिवस गावातच काम देता येतं का ते बघावं. रक्तदान करायचं नाही. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि ताप उद्या-परवाही येऊ शकतो, म्हणून आशाताईंनी दहा दिवस रोज विचारपूस करावी. फक्त आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर विषाणू बहुधा रक्तातून गेलेला असतो. त्या माणसाला कोंडून ठेवू नका, त्याच्या घराभोवतीचं पाणी बघा.

ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल, मुलांना वजनाच्या हिशेबाने, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. ओआरएस, पेज, ताक. ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, धोका मात्र तेव्हाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार, लघवी कमी, मूल मलूल, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर डांबरी रस्त्यापर्यंत न्यायला झोळी आणि चार माणसं कोण, हे आधीच ठरवून ठेवा.

आश्रमशाळा

वेगवेगळ्या पाड्यांची शेकडो मुलं एका छपराखाली दिवसभर राहतात आणि दिवाळीला एकदम आपापल्या घरी पांगतात. सुट्टीच्या तीन आठवडे आधीपासून दर शनिवारी टाक्या, पिंपं, स्वयंपाकघरामागची भंगार भांडी तपासा. दिवसा आडवं पडलेलं मूल नुसतं ‘कणकण’ म्हणत असेल तरी त्याला मच्छरदाणीत झोपवा. घरी जाताना यादी त्या त्या आशाताईंकडे पोहोचली पाहिजे: कोणत्या वर्गात रुग्ण होता, कोणती मुलं कोणत्या पाड्यावर गेली.

पाठपुरावा

शेवटच्या रुग्णाला ताप आल्यापासून निदान चार आठवडे घरभेटी चालू ठेवा. डासातले १२ दिवस आणि माणसातले १० दिवस मिळून २२ होतात, त्यावर थोडी सवड. पहिले दोन आठवडे नवा रुग्ण आला नाही म्हणून पाडा मोकळा सोडला जातो, आणि गुपचूप बाधित झालेल्या माणसाकडून घेतलेला विषाणू तेव्हा डासात पिकत असतो. तिसऱ्या आठवड्याची फेरी टाळली जाते, तीच सर्वांत महत्त्वाची.

चौथ्या आठवड्याच्या फेरीत त्याच घरांचे निर्देशांक पुन्हा काढा आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. वही उपकेंद्राच्या कपाटात बंद करू नका, आशाताईंच्या घरी ठेवा. पुढच्या वर्षी छाटणीला निघालेली माणसं कोण, टायर कुणाच्या छपरावर, कुठल्या घरात कणकण आली होती, हे तिथूनच पाहायचं आहे.